भाला साहेबाचा, हाका आमचा

राजांचा इतिहास लिहिणारे लढाया मोजतात. शिकारीचा इतिहास लिहिणारे वाघ मोजतात. डुक्कर कोणी मोजत नाही. डुक्कर म्हटलं की नाक मुरडायचं, ही या देशातल्या शहाण्यासुरत्या लोकांची जुनी खोड. पण मित्रांनो, हा देश कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर एकदा डुकराच्या मागं धावून बघा. कोण घोड्यावरून धावतो अन् कोण अनवाणी, कोणाच्या बंगल्यात सुळे भिंतीवर टांगले जातात अन् कोणाच्या हातात बेड्या पडतात, कोण मौज म्हणून मारतो अन् कोण पोटासाठी, हे सगळं या एका जनावरामागं उघडं पडतं.

म्हणून हा लेख. विषय साधा आहे. नागपूरच्या मुलखात अन् एकूण महाराष्ट्रात रानडुक्कर कोणी मारलं, कशानं मारलं, आणि मारल्यावर त्या माणसाचं काय झालं.

बेसा घ्या. नागपूर शहराला दक्षिणेकडून लागून असलेलं गाव. आता तिथं लेआउट पडले, फ्लॅट उभे झाले, बेसा-पिपळा नगर पंचायत झाली. प्लॉटच्या जाहिराती वाचणाऱ्याला वाटेल, हे गाव बिल्डरानंच वसवलं. पण त्या सिमेंटखाली काळी जमीन आहे. पऱ्हाटी, तूर, जवारी, हरभरा देणारी. अशा जमिनीच्या धुऱ्याला लागून नाले असतात, नाल्याकाठी झाडोरा असतो, आणि सरकारी कागदात ज्याला 'झुडपी जंगल' म्हणतात ते माळरान असतं. डुकराला नेमकं हेच पाहिजे. दिवसा झुडपात दडायचं, रात्री पिकात शिरायचं. बुटीबोरी अन् उमरेडकडचा पुढला सगळा पट्टा असाच आहे. जिथं काळी जमीन अन् झुडपी शेजारी शेजारी, तिथं कास्तकार आणि डुक्कर यांचं भांडण पिढ्यान् पिढ्यांचं.

हे जनावर भित्रं नाही. मोठा नर शंभर किलोच्या वर जातो. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून घासून सुऱ्यासारखे धारदार होतात. मुसंडी मारताना डोकं खाली घालून येतो आणि वर उचकटतो, म्हणून माणसाची मांडी अन् कुत्र्याचं पोट फाटतं. खांद्यावरचं कातडं इतकं जाड की हलकं हत्यार घसरून जातं. मादी एका वेळी चार-सहा पिलं घालते. एक कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरून टाकतो. अशा जनावराशी पायी, भाल्यानं किंवा सुऱ्यानं भिडणं हे काही पोरखेळ नव्हे. ज्यांनी ते केलं त्यांची नावं कोणत्याच पुस्तकात नाहीत.

शास्त्रातलं डुक्कर

आधी धर्मशास्त्राचा हिशेब करू, कारण इथल्या प्रत्येक जनावराची जात तिथंच ठरली आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणतं मांस घातलं म्हणजे पितर किती काळ तृप्त राहतात याची यादी आहे. रानडुकराच्या मांसानं पितर दहा महिने तृप्त. तीच मनुस्मृती, पाचवा अध्याय. तिथं सांगितलं आहे की गावडुक्कर जाणूनबुजून खाल्लं तर द्विज पतित होतो. कांदा, लसूण, गावकोंबडा यांच्याच रांगेत ते डुक्कर बसवलं आहे. म्हणजे पाहा, एकाच वंशाचं जनावर. रानात असलं, मारायला क्षत्रियाचा भाला लागला, तर पितरांचं जेवण. गावात असलं, गरिबाच्या झोपडीमागं वाढलं, तर पाप. दोष डुकरात नव्हता. ते कोणाच्या हातचं आहे यावर शास्त्राची नजर होती. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, तो उगाच नाही.

आणि वर याच जनावराला देवही केलं. नागपूरपासून रामटेक काही लांब नाही. तिथल्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला, दगडी वराह उभा आहे. विष्णूचा अवतार. दगडाच्या डुकराला हात जोडायचे, आणि जिवंत डुक्कर पाळणाऱ्या माणसाला शिवायचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त या वराह अवताराची सालटी काढली. वराह हा देव नव्हेच, तो बाहेरून चालून आलेल्या टोळीचा नायक होता आणि त्यानं इथल्या मूळच्या लोकांवर घाला घातला, असा अर्थ त्यांनी लावला. अर्थ पटो न पटो, पण पुराणातल्या डुकराला थेट प्रश्न विचारणारा माणूस आपलाच, हे विसरू नका.

साहेबाची मौज

आता साहेबाकडं येऊ. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कामठीची छावणी पडली, १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. फौजेचे अन् मुलकी खात्याचे गोरे अधिकारी आले, घोडे आले, आणि घोड्याबरोबर एक खेळ आला. घोड्यावरून रानडुकराचा पाठलाग करायचा आणि भाल्यानं मारायचं. बंगालमध्ये आखूड भाला, मुंबई इलाख्यात लांब भाला. ठिकठिकाणी या खेळाचे क्लब निघाले. त्यांना 'टेंट क्लब' म्हणत, कारण तंबू ठोकून दिवसचे दिवस शिकार चाले. नागपुरातही 'नागपूर हंट' होता.

या खेळाला नियम होते. मादी मारायची नाही. ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागेल त्याचं डुक्कर, सुळे त्याचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा अलिखित नियम असा, की ज्या मुलखात घोडा धावू शकतो तिथं डुकराला गोळी घालायची नाही. गोळी घालणारा साहेब त्यांच्या समाजात वाळीत पडल्यासारखा होई. विलायतेत कोल्ह्याला गोळी घालणं जसं हलकटपणाचं, तसं हिंदुस्थानात डुकराला.

आता हा नियम कास्तकाराच्या बाजूनं वाचा. डुक्कर पीक खातं. पण ते साहेबाच्या खेळाचं आहे, म्हणून ते राखायचं. जाळं लावून, खड्डा खणून डुक्कर मारणारा गावकरी म्हणजे खेळ नासवणारा. १८७८ चा हत्यार कायदा पाहा. त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर भाला, खंजीर, तीरकमान हेही हत्यार म्हणून नोंदले गेले, आणि युरोपियन माणसाला त्या कायद्यातून सूट मिळाली. त्याच साली जंगलाचा कायदा झाला आणि राखीव जंगल सरकारचं झालं. भाला साहेबाचा, जंगल सरकारचं, डुक्कर क्लबाचं. कास्तकाराचं काय? खाल्लेलं पीक.

या खेळावर साहेबांनी पुस्तकं लिहिली. बेडन-पॉवेल हे नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल, स्काउटच्या चळवळीचा संस्थापक म्हणून. हाच माणूस आधी हिंदुस्थानात घोडदळाचा अधिकारी होता. मेरठकडं गंगेच्या खादरात डुकराच्या शिकारीची मोठी स्पर्धा भरे. १८८३ साली तिथला 'कादिर कप' त्यानं जिंकला, आणि १८८९ साली या शिकारीवर आख्खं पुस्तक लिहिलं. या खेळानं सैनिक तयार होतो, डोळा आणि मनगट तयार होतं, असं तो अन् त्याच्यासारखे सांगत. खरंच असेल. रयतेवर राज्य करायला डोळा अन् मनगट लागतंच.

त्या स्पर्धेच्या नोंदीत जिंकणाऱ्या स्वाराबरोबर त्याच्या घोड्याचंही नाव लिहिलं जाई. बेडन-पॉवेलच्या घोड्याचं नाव 'पेशन्स'. घोड्याला नाव आहे. झुडपात शिरून डुक्कर बाहेर काढणाऱ्या माणसाला नाव नाही. तो नुसता 'कुली'.

हाका

हा कुली कोण, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

डुक्कर आपणहून मैदानात येत नाही. त्याला झुडपातून, उसातून, नाल्यातून हाकलून काढावं लागतं. त्यासाठी माणसांची रांग लागते. ढोल, डबे, काठ्या, आरोळ्या. हा हाका. चिडलेलं डुक्कर पहिल्यांदा उलटतं ते हाकेवाल्यांवर, कारण तेच त्याच्या जवळ असतात, पायी असतात, हातात काठी असते. घोडेस्वार पुढं मोकळ्यात भाला घेऊन वाट पाहत असतो.

आपल्या मुलखात गावचा कोतवाल बहुतेक महार. मालगुजाराचा निरोप्या, साहेबाच्या दौऱ्याचा वाटाड्या, रात्रीचा पहारेकरी, सगळं तोच. साहेबाचा तंबू पडला की रसद आणि बेगार गावावर, आणि बेगार म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीवर. लाकूड फोडा, पाणी भरा, घोड्याला गवत आणा, पहाटे हाक्याला उभे राहा. क्लबाच्या शिकारीत काही आणे हातावर पडत. दौऱ्यावरच्या साहेबाच्या किंवा मालगुजाराच्या हाक्यात तेही पडतील याचा भरवसा नाही. 'नाही' म्हणायची सोय मात्र कुठंच नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं धाडस मोजायचं कसं?

पश्चिम महाराष्ट्रात हेच वतनाच्या नावानं चाले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं, ते याच मुळावर घाव घालणारं होतं. चार तुकडे जमीन आणि भाकरीच्या बदल्यात चोवीस तासांची गुलामी, असा तो व्यवहार. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आपल्याकडं मालगुजारी गेली ती १९५१ साली. दरम्यान संविधान आलं, आणि त्याच्या २३ व्या कलमानं बेगार हा गुन्हा ठरला. आज ते कलम वाचताना हाक्याला उभी केलेली माणसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ते कलम कोणासाठी लिहिलं गेलं ते समजेल.

सुरा, कुत्रे आणि गुन्हेगार

साहेबाची शिकार पुस्तकात गेली. पण त्याच्याही आधीपासून या मुलखात डुकराची दुसरी एक शिकार होती. तिला घोडा लागत नव्हता. तिला लागत होती चार-सहा गावठी कुत्री, जाड दोराची वाघूर, दोन-तीन भाले, कुऱ्हाड आणि एक सुरा.

या शिकारीची रीत अशी. डुकराची वाट माणसाला पाऊलखुणांवरून अन् उकरलेल्या मातीवरून कळते. त्या वाटेवर वाघूर लावायची. कुत्री झुडपात सोडायची. कुत्री डुकराला मारत नाहीत, ती त्याला घेरतात. एक समोरून भुंकून गुंतवतो, दुसरे कानाला, मागच्या पायाला धरतात. डुक्कर गरगर फिरतं. तेवढ्या क्षणात माणसानं मागून किंवा बाजूनं जायचं आणि पुढच्या पायामागच्या मऊ जागी भाला किंवा सुरा घालायचा. हात चुकला तर कुत्रा गेला, कदाचित माणूसही. मग वाटे पडत. हिंडून-फिरून पोट भरणाऱ्या माणसांत शिकार एकट्याची नसते. कुत्रा ज्याचा त्यालाही वाटा असे. सुळे भिंतीवर टांगायचे तर भिंत कुठं होती? पालाला भिंत नसते.

पारधी, गोंड, वडार, कैकाडी, मांग-गारुडी. कोणी रानातलं मारलं, कोणी गावातलं पाळलं अन् पकडलं. पोट भरायचं साधन एवढंच त्याचं मोल. या माणसांचं काय झालं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, पुढं १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी देशभर. जमातीत जन्माला आला म्हणजे गुन्हेगार. पारधी, कैकाडी यांना हजेरी लागली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत डांबलं गेलं. जंगल राखीव झालं, तिथली शिकार चोरी ठरली. पारध्याचं हत्यार तेच, जनावर तेच, रानही तेच. घोड्यावरून मारलं तर खेळ, पायी मारलं तर पुरावा.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून ही माणसं 'विमुक्त'. पण पोलिसाच्या डोक्यातली यादी रद्द झाली नाही. पुढं सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि गावात चोरी झाली की पारध्याचं पाल आधी उचकटलं जातं.

इथं एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः नामांकित शिकारी. घोडा, भाला, डुक्कर हे त्यांना नवं नव्हतं. पण रानात फिरताना त्यांना पारधी दिसला तो माणूस म्हणून. फासेपारध्यांना त्यांनी आसरा दिला, कामं दिली. १९१८ मध्ये आपल्या संस्थानात त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली आणि महार वतनाच्या गुलामीलाही हात घातला. हेच महाराज ३० मे ते १ जून १९२० ला आपल्या नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते, आणि तरुण आंबेडकर त्या मंचावर होते. भाला हातात असूनही माणूस माणसासारखा वागू शकतो. साहेबांना ते जमलं नाही, कारण त्यांना जमवायचं नव्हतं.

बाबासाहेबांनीही हे गणित एकट्या महाराचं म्हणून मांडलं नाही. 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ चा. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले. गुन्हेगार जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी, अस्पृश्य सुमारे ५ कोटी. ज्या संस्कृतीनं एवढी माणसं अशी ठेवली, तिला संस्कृती म्हणायचं का, हा त्यांचा सवाल होता. तिन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. आपण बहुतेक वेळा शेवटचाच वाचतो.

मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज

आता खरा प्रश्न. काही तरुण मित्र म्हणतात, 'आपले बापजादे वाघ-डुकराशी भिडणारे होते, आपण मूळचे शूर, क्षत्रियच.' दुसरे म्हणतात, 'आपण बौद्ध झालो, शिकार-मांस असले विषय आता कायले काढता? लोक हसतील.' पहिले भाल्याला फुलं वाहतात, दुसरे त्यावर चादर टाकतात. दोघांच्याही मनात वरच्या आळीची नजर आहे. एकाला तिची शाबासकी पाहिजे, दुसऱ्याला तिची माफी.

आपली मोजपट्टी आपल्याजवळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, आणि १९५७ ला त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आला. त्यात अहिंसेवर त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. बुद्धानं अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, आंधळा नियम म्हणून नाही. जीव घेण्याची इच्छा वेगळी आणि जीव घेण्याची गरज वेगळी. इच्छेनं केलेली हत्या बुद्धाला अमान्य. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं, नियम त्याला बांधून टाकतो.

ही मोजपट्टी आता या सगळ्या इतिहासाला लावा. साहेबाला डुकराची गरज नव्हती. त्याला भूक नव्हती, त्याचं वावर नव्हतं. त्याच्याजवळ फक्त इच्छा होती. पारध्याजवळ, कैकाड्याजवळ, गोंडाजवळ गरज होती. जागलीवर बसलेल्या कास्तकाराजवळ गरज होती. आणि या देशाच्या कायद्यानं दीडशे वर्षं काय केलं? इच्छेला क्लब दिला, कप दिला, पुस्तक दिलं. गरजेला हजेरी, कुंपण आणि तुरुंग दिला. हाक्यात उभ्या असलेल्या आपल्या माणसाजवळ तर इच्छाही नव्हती आणि गरजही नव्हती. त्याच्यावर फक्त हुकूम होता. म्हणून हाका हा आपल्या अभिमानाचा विषय नाही. लाजेचाही नाही. तो आपल्या मागणीचा विषय आहे.

साहेब गेला, हौस राहिली

साहेब १९४७ ला गेला. हौस गेली नाही. इंग्लंडनं स्वतःच्या घरी कुत्र्यांकरवी जंगली जनावराची शिकार २००४ च्या कायद्यानं बंद केली. पण अमेरिकेत आजही कुत्री अन् सुरा घेऊन रानटी डुकरं मारणं हा लोकांचा शौक आहे. तिथं डुक्कर मूळचं नाही, ते युरोपातून आलेल्यांनी सोळाव्या शतकापासून नेलं, सुटलं आणि माजलं. टेक्सासमध्ये तर २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरांवर गोळ्या झाडायची कायद्यानं मुभा आहे, आणि पैसेवाले ती मौज विकत घेतात. तिकडं सुरा घेतलेला माणूस मर्दानी म्हणून मिरवतो. इथं सुरा घेतलेला पारधी संशयित असतो. सुऱ्याला स्वतःची जात नसते, ती धरणाऱ्या हाताची लागते.

आपल्याकडं १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हेही लक्षात असू द्या. सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येई, आणि परवाना कोणाला मिळे ते सांगायला नको. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही सोय गेली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पीक नासवणाऱ्या जनावराला मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारनंही २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोह्यासाठी तसा निर्णय काढला. पण परवानगी कागदावर, अर्ज कागदावर, आणि बंदूक त्याच्याकडं ज्याच्याकडं आधीपासून होती. २०१६ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बाहेरचे शिकारी आणून डुकरं मारली गेली. मेनका गांधींनी ५३ चा आकडा सांगितला आणि पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकरांशी त्यांचं जाहीर वाजलं. दिल्लीत दोन मंत्री डुकरावर भांडले. रात्री जागलीवर कोण बसतो, हे दोघांनीही विचारलं नाही.

जागलीवर सालदार बसतो, मजूर बसतो, बटईनं वावर करणारा बसतो. हातात बॅटरी, डबा आणि काठी. हाका संपला नाही, फक्त रात्रीचा झाला. कोणी मोठा कास्तकार कुंपणात करंट सोडतो, आणि त्या तारेला चिकटून डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी मजूर मरतो. नुकसानभरपाई आहे, पण ती सातबाऱ्यावर. ज्याच्या नावानं सातबारा नाही त्याचं पीक डुकरानं खाल्लं तर ते सरकारच्या लेखी खाल्लंच नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ ला भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. त्या लढ्यातून अन् नंतर गायरान, पडीक कसायला घेतलेल्या किती जणांची जमीन आजही 'अतिक्रमण' म्हणून लिहिलेली आहे. त्यात २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं विदर्भातलं झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निकाल दिला. १९९६ आधीच्या वाटपाला काही संरक्षण आहे. पण ज्याच्याजवळ वाटपाचा कागदच नाही त्यानं काय दाखवायचं? बेश्यासारख्या गावात झुडपीवर कोणाची झोपडी आहे आणि कोणाचा लेआउट आहे, दोघांच्या फायली कशा चालतात, हे जाऊन पाहा.

आपलं घर

शेवटी एक गोष्ट घरातली. दुसऱ्यावर बोट ठेवताना ती चुकवून चालणार नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कारण जुना मध्य प्रांत आणि जुना मुंबई इलाखा यांच्या याद्या वेगळ्या होत्या. म्हणजे सोलापूरचा कैकाडी अन् नागपूरचा कैकाडी, रक्तानं भाऊ, कागदावर परके. इथं नागपुरात तो आपल्याच यादीत आहे. पण आपल्या मोर्च्यात तो किती आहे? आपल्या किती वस्त्यांत त्याला 'डुकरंवाला' म्हणून बाजूला ठेवतात? ज्या शब्दानं गाव आपल्याला हिणवत होतं, तसलाच शब्द आपण खालच्या पायरीवर फेकायला शिकलो. बाबासाहेब ज्याला उतरंड म्हणाले ती हीच. तिच्यात प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून कोणी ती मोडत नाही.

नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री' सिनेमानं हे पडद्यावर उघडं मांडलं. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. सगळ्या गावासमोर, शाळेतल्या पोरांसमोर एक घर डुक्कर धरायला धावतं आणि गाव हसतं. धरलेलं डुक्कर घरची माणसं काठीला टांगून नेतात, ते नेमकं बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू यांची चित्रं असलेल्या भिंतीसमोरून. ती भिंत आपली आहे. त्या डुकराचं ओझं मात्र आपण अजून आपलं मानलेलं नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, काम सांगतो. भाषणाचं नाही, पायाचं काम. बेसा, पिपळा, घोगली, हुडकेश्वर, या गावांच्या जुन्या वस्त्यांत जा. प्लॉट पडायच्या आधीची माणसं अजून आहेत, फार दिवस राहायची नाहीत. त्यांना विचारा: हाक्याला कोण जाई, कोणाच्या हुकमानं, काय मिळे? डुकरानं कोणाला फाडलं, औषधाचे पैसे कोणी दिले? वाघूर कोण विणत होतं, कुत्री कोणाची होती, मांसाचे वाटे कसे पडत? मालगुजारी गेल्यावर हाका थांबला की तसाच चालला? आज जागलीला कोण जातो, रोजी किती, सातबारा कोणाच्या नावानं? पारध्याच्या पालावरही जा. कैकाड्याच्या घरी चहा घ्या. वहीत लिहा, माणसाच्या शब्दात लिहा, सुधारून लिहू नका.

साहेबानं आपल्या घोड्याचं नावसुद्धा लिहून ठेवलं. आपल्याला आपल्या माणसांची नावं लिहायची आहेत. त्या नावांच्या यादीशेजारी आजचे भूमिहीन, बटईदार, जागल्ये, विमुक्त यांची यादी ठेवा, आणि दोन्ही घेऊन तहसील कचेरीवर चला. डुकराच्या भरपाईत सातबारा नसलेल्यालाही हक्क पाहिजे, ही मागणी त्या इतिहासातूनच निघते.

जयभीम.